परदेशी पाहुण्याचे वय बदलले की पाहुणाच बदलला?

उत्तर गोव्यातील मांद्रे येथे घराला लागून सहा खोल्या भाड्याने देणाऱ्या एका तरुण गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या वडिलांच्या लहानपणी वीस-बावीस वर्षांची परदेशी मुले गावात कोणाच्याही पडवीत राहत असत, पुढे केस पिकलेली जोडपी दिसू लागली आणि अलीकडे पुन्हा तरुण चेहरेच जास्त दिसतात. मग परदेशी पर्यटकांचे वय काळाबरोबर नेमके कसे बदलत गेले, आणि खोल्यांच्या दुरुस्तीवर पैसे घालायचे तर पुढील दहा वर्षे कोणत्या वयाचा पाहुणा डोळ्यांसमोर ठेवावा?

तुम्ही आणि तुमच्या वडिलांनी पाहिलेली तिन्ही चित्रे खरी आहेत. परंतु परदेशी पर्यटक आधी तरुण होता, मग वयस्क झाला आणि आता पुन्हा तरुण होत आहे, अशी एकच सरळ गोष्ट त्या तीन चित्रांतून जुळवली तर ती चुकेल. सरासरी वय बदलते तेव्हा त्यामागे बहुधा तीनपैकी काहीतरी घडलेले असते: येणारी माणसे तीच असून ती वयाने वाढलेली असतात, किंवा येणाऱ्यांचे देश बदललेले असतात, किंवा एखाद्या वयाच्या माणसाला प्रवास करणे पूर्वीपेक्षा सोपे अथवा अवघड झालेले असते. गोव्यात गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत हे तिन्ही घडले आणि पुष्कळदा एकाच वेळी घडले. मी १९८९ पासून कोविडच्या साथीपर्यंत दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आधी स्वागतकक्षात आणि नंतर आरक्षण विभागात काम केले. विदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत ‘फॉर्म सी’ भरून सरकारला कळवावे लागे आणि त्यात जन्मतारीख असे, त्यामुळे पाहुण्यांची वये रोज डोळ्यांखालून जात. खाली लिहिलेले बरेचसे त्या सवयीतून आलेले आहे.

साठच्या दशकाच्या अखेरीस कळंगुट, बागा आणि मग हणजूण येथे आलेली मुले बहुतांशी खुष्कीच्या मार्गाने आली होती: इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली आणि तेथून खाली गोवा. या प्रवासाला पैसा थोडा लागे, पण वेळ अमाप लागे. ज्याच्यापाशी पैसा कमी आणि वेळ भरपूर, असा माणूस साधारणपणे विशीतला असतो, त्यामुळे त्या पाहुण्याचे वय त्या वाटेनेच ठरवले होते असे म्हटले तरी चालेल. त्यातच दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत जन्मलेली मोठी पिढी नेमकी त्याच सुमारास विशीत आली होती, म्हणजे त्या वयाची माणसेच जगात जास्त होती. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षअखेर सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले आणि तो रस्ता बंद पडला. विशीतले पर्यटक त्यामुळे संपले नाहीत, पण त्यांची स्वस्त वाट संपली.

त्यानंतर ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून दाबोळीला चार्टर विमाने उतरू लागली, प्रथम जर्मनीहून आणि पुढे मोठ्या संख्येने ब्रिटनहून. येथे गणित उलटे झाले. विमान, हॉटेल आणि विमानतळापासूनची गाडी हे सर्व एकाच दरात, दोन आठवड्यांसाठी. नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम, म्हणजे नाताळ आणि फेब्रुवारीतील छोटी सुट्टी सोडली तर तिकडच्या शाळा चालू. शाळेत जाणारी मुले असलेली कुटुंबे त्यातून आपोआप वगळली गेली. उरली ती मुले मोठी झालेली, घराचे कर्ज फिटलेली, पन्नाशी ओलांडलेली जोडपी. त्यावरून ‘म्हातारी माणसे गोवा पसंत करतात’ असे म्हटले जाई, पण विमानाचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिले तर त्यात पसंतीचा भाग थोडाच उरतो.

आता पिढीच्या वाढत्या वयाचा मुद्दा घेतो, कारण या विषयात माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित तोच आहे. बाणावली, वार्का, मोबोर या पट्ट्यात आमच्याकडे वर्षानुवर्षे परत येणारे पाहुणे फार असत. आम्ही त्यांना ‘रिपीटर’ म्हणत असू. एक इंग्रज जोडपे मला चांगले आठवते. ती दोघे पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी स्कूटर कोठे मिळेल असे विचारले होते. दहाएक वर्षांनी तीच दोघे ठरावीक टॅक्सीवाल्याची चौकशी करू लागली, मग पहिल्या मजल्याऐवजी तळमजल्याची खोली मागू लागली, त्यानंतर दोन हंगाम बाई एकट्या आल्या आणि मग आरक्षण आलेच नाही. आमच्या नोंदवहीत त्या हॉटेलच्या पाहुण्यांचे सरासरी वय वीस वर्षांत बरेच वाढलेले दिसे आणि व्यवस्थापनाच्या बैठकीत त्याचा अर्थ ‘आपण ज्येष्ठांना आकर्षित करत आहोत’ असा लावला जाई. प्रत्यक्षात आम्ही नव्याने कोणालाही आकर्षित करत नव्हतो. जुनीच माणसे आमच्या डोळ्यांसमोर म्हातारी होत होती. हे वाढणारे वय यशाचे लक्षण आहे असे मानणाऱ्या हॉटेलांना फटका बसला तो सावकाश बसला, म्हणून तो उशिरा कळला. १९७० साली बावीस वर्षांचा असलेला जो तरुण हणजूणला राहिला होता, तो आज सत्तरीच्या उत्तरार्धात आहे. उत्तर गोव्यातील बार्देश आणि पेडणे तालुक्यांत अजूनही दर हिवाळ्याला येणाऱ्या पांढऱ्या केसांच्या मंडळींपैकी काहीजण तुमच्या वडिलांनी पडवीत पाहिलेल्या पिढीतलेच आहेत. म्हणजे तुमचे पहिले चित्र आणि दुसरे चित्र यांतील काही माणसे तर तीच आहेत.

देश बदलल्याने सरासरी कशी बदलते ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, एका हंगामात १०० ब्रिटिश पाहुणे आले, त्यांचे सरासरी वय ५८. आणि १०० रशियन आले, त्यांचे ३६. एकूण सरासरी ४७. पुढच्या हंगामात ब्रिटिश तेवढेच आले, पण रशियन ५० च आले, तर सरासरी जवळजवळ ५१ होते. एकाही गटातील वय बदललेले नसताना ‘पर्यटक चार वर्षांनी वयस्क झाला’ असा मथळा तयार होतो. हे उदाहरण मी हवेतून काढलेले नाही. २०१४ च्या अखेरीस रुबल कोसळला तेव्हा मोरजी-मांद्रे पट्ट्यातील रशियन पाहुण्यांची संख्या एकाएकी घटली. हा पाहुणा वयाने ब्रिटिशांपेक्षा पुष्कळ तरुण होता. तीस-चाळीसच्या आतबाहेरचे आईवडील आणि बरोबर लहान मुले, असा त्याचा ठसा होता. तुमच्याच भागात त्यांच्या मुलांसाठी बालवाड्या निघालेल्या तुम्ही पाहिल्या असतील. इस्रायली पाहुण्यांचे वय तर त्या देशाच्या कायद्यानेच ठरवलेले आहे: अठराव्या वर्षी सक्तीची लष्करी सेवा, ती संपली की जमवलेल्या पैशांवर काही महिन्यांची भटकंती, उन्हाळ्यात हिमाचल आणि थंडीत शापोरा, हणजूण, हरमल. हे गिऱ्हाईक तीस वर्षांपूर्वीही एकवीस-चोवीस वर्षांचे होते आणि आजही साधारण तेवढ्याच वयाचे आहे. त्यामुळे ‘परदेशी’ हा शब्द एका आकड्यात बांधला की त्यात न बदलणारे इस्रायली वय, चढत जाणारे ब्रिटिश वय आणि रुबलच्या भावाप्रमाणे कमीजास्त होणारी रशियन गर्दी हे सर्व एकत्र ढवळले जाते.

आता तिसरे चित्र. परदेशी तरुण पुन्हा दिसू लागले आहेत हे तुमचे निरीक्षण खोटे नाही, परंतु मला त्याचे कारण वेगळे दिसते: तरुण फारसे वाढलेले नाहीत, ज्येष्ठ गळाले आहेत. २०१९ साली गोव्यात नऊ लाखांहून अधिक विदेशी पर्यटक आले होते; २०२४ साली हा आकडा साडेचार लाखांच्या थोडा वर, म्हणजे जेमतेम निम्मा होता. या गळतीचा मोठा भाग चार्टरने येणाऱ्या वयस्कांचा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली आणि त्या हंगामाच्या तोंडावरच हजारो खोल्यांची आरक्षणे गेली. पाठोपाठ मार्च २०२० मध्ये कोविडमुळे विमाने थांबली. पर्यटन व्हिसा पुन्हा मिळू लागला तो चार्टरसाठी १५ ऑक्टोबर २०२१ पासून आणि इतर विमानांसाठी १५ नोव्हेंबरपासून. ज्याचे वय ७२ आहे त्याच्या दृष्टीने दोन हंगाम घरी बसणे म्हणजे नुसता खंड नसतो. त्या दोन वर्षांत गुडघा, हृदय किंवा जोडीदार यांपैकी काहीतरी बदलून जाते आणि वाढत्या वयानुसार चढणारा प्रवास-विम्याचा हप्ता उरलेला उत्साह संपवतो. तशातच कोविडनंतर ई-व्हिसा पुन्हा सुरू झाला तेव्हा ब्रिटिश नागरिकांना तो डिसेंबर २०२२ पर्यंत मिळत नव्हता. व्हिसासाठी प्रत्यक्ष केंद्रात हजर राहायचे, तारीख मिळेपर्यंत वाट पाहायची, हे चाळिशीतला माणूस कुरकुरत का होईना करतो. पंच्याहत्तरीचा माणूस त्यापेक्षा स्पेनचे तिकीट काढतो. असेच एकदा आधीही घडले होते. डिसेंबर २००९ मध्ये पर्यटन व्हिसावर दोन भेटींत दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे झाले, ते बहुतेक देशांसाठी २०१२ च्या अखेरीस शिथिल झाले. मधल्या काळात हिवाळाभर राहणाऱ्या आणि मध्येच श्रीलंकेला जाऊन परत येणाऱ्या निवृत्तांची पंचाईत झाली. व्हिसाच्या नियमात वयाचा उल्लेख कोठेच नसतो, तरी नियमाची झळ वयानुसार वेगळी लागते.

निवृत्तीच्या वयाकडेही आपल्या व्यवसायात कोणी पाहत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. ब्रिटनमध्ये २०१० पर्यंत स्त्रियांना साठाव्या वर्षी सरकारी पेन्शन मिळत असे. ते वय टप्प्याटप्प्याने वाढून २०१८ मध्ये पुरुषांइतके, म्हणजे ६५ झाले आणि ऑक्टोबर २०२० पासून दोघांचेही ६६ झाले. २०२६ ते २०२८ च्या दरम्यान ते ६७ वर जात आहे. रशियाने २०१९ पासून स्त्रियांचे ५५ आणि पुरुषांचे ६० हे वय हळूहळू ६० आणि ६५ कडे न्यायला सुरुवात केली, ती २०२८ मध्ये पूर्ण होईल. साठीतली जी बाई पूर्वी जानेवारीत दोन महिने येऊन राहिली असती, ती आज अजून नोकरीत आहे आणि तिला दोन आठवड्यांची रजा मिळते. म्हणून लांब मुक्कामाचा पाहुणा नाहीसा झाला नसून त्याच्या वयाची खालची सीमा वर सरकली आहे, असे मी समजतो.

तारुण्याची सीमाही अशीच वर सरकली. १९७२ साली युरोपात इंटररेल हा रेल्वेचा पास निघाला तेव्हा तो २१ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होता. ती मर्यादा पुढे २३, मग २६ झाली आणि १९९८ साली वयाची अटच निघाली. ऑस्ट्रेलियाचा काम करत फिरण्याचा व्हिसा पूर्वी तिशीपर्यंत मिळे, आता काही देशांच्या नागरिकांना तो पस्तिशीपर्यंत मिळतो. लग्न आणि पहिले मूल दोन्ही लांबल्यामुळे पाठीवर पिशवी टाकून फिरणारा माणूस आज सर्रास तिशीत असतो. तुमच्या वडिलांनी पाहिलेला तरुण बावीसचा होता. तुम्ही ज्याला तरुण म्हणता तो बहुधा चौतीसचा आहे, संगणक उघडून काम करतो आणि इंटरनेट बंद पडले की तक्रार करतो.

जगाच्या पातळीवर थोडक्यात सांगायचे तर दोन प्रवाह एकमेकांविरुद्ध ओढत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार ६५ वर्षांवरील लोकांचा वाटा २०२२ मध्ये १० टक्के होता, तो २०५० पर्यंत १६ टक्क्यांवर जाईल. युरोप आणि जपानसारखे जुने प्रवासी देश त्यात सर्वांत पुढे आहेत. दुसरीकडे चीन आणि भारत यांसारख्या, नव्याने परदेशी जाऊ लागलेल्या देशांतील प्रवासी तुलनेने तरुण आहेत. जपानचे उदाहरण बोलके आहे: तेथून परदेशी जाणाऱ्या विशीतल्या लोकांची संख्या १९९६ साली सुमारे ४६ लाख होती, ती २००८ पर्यंत २६ लाखांच्या आसपास आली. विशीतली लोकसंख्या घटली हे त्याचे एक कारण आहेच, पण घट त्याहून मोठी आहे. म्हणजे त्या वयाच्या मुलांचा परदेशी जाण्याकडचा कलही कमी झाला.

आकड्यांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे, कारण तुम्ही शोधायला जाल तेव्हा तुमच्या हाती केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे वार्षिक तक्ते लागतील. त्यांत वयाचे गट असतात आणि ३५ ते ४४ हा गट गेली अनेक वर्षे सर्वांत मोठा, सुमारे एक पंचमांश आहे. १५ ते २४ चा गट त्या मानाने बराच लहान आहे. परंतु हा तक्ता संपूर्ण देशाचा आहे. त्यात बांगलादेशातून उपचारासाठी किंवा नातलगांकडे येणारे मोठ्या संख्येने मोजलेले असतात, अमेरिकी पारपत्रावर आजीआजोबांना भेटायला येणारी भारतीय वंशाची कुटुंबे असतात, व्यवसायासाठी दोन दिवस येणारे अधिकारी असतात. तो तक्ता उचलून मांद्रेच्या किनाऱ्याला लावता येत नाही.

गोव्यात तर आणखी एक गंमत आहे. पोर्तुगीज पारपत्र घेऊन ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली गोमंतकीय कुटुंबे सुट्टीत घरी येतात तेव्हा पारपत्रानुसार ती विदेशीच ठरतात. नाताळात किंवा तिकडच्या शाळांना सुट्टी असताना ऐन पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये दाबोळीला आणि आता मोप्याला उतरणाऱ्या परदेशी मुलांमध्ये सासष्टीतल्या कोणाची तरी नातवंडे किती असतील, याचा विचार केल्याशिवाय ‘लहान मुलांसह येणारे विदेशी वाढले’ असे कोणी म्हणू नये. आणि वागातोरच्या वसतिगृहवजा हॉस्टेलांत जी तरुणाई दिसते तिच्यात भारतीयच जास्त असतात. २०२४ साली गोव्यात आलेल्या देशी पर्यटकांची संख्या एक कोटीच्या जवळ पोहोचली होती. किनाऱ्यावरचा एकूण देखावा तरुण झाला आहे, पण तो त्यांच्यामुळे.

राहता राहिला तुमच्या सहा खोल्यांचा प्रश्न. आश्वे-मांद्रे-हरमल या पट्ट्यात सध्या येणारा परदेशी पाहुणा, माझ्या पाहण्यात, मुख्यतः तीस ते पंचेचाळीस वयाचा आहे: योगासाठी येणाऱ्या स्त्रिया, महिना-दोन महिने राहून दूरस्थ काम करणारे, आणि लहान मुलांसह येणारी रशियन भाषिक कुटुंबे. केवळ विशीतल्यांसाठी खोल्यांत दुमजली खाटा टाकण्याच्या फंदात पडू नका; ते गिऱ्हाईक दरात फार घासाघीस करते आणि त्याला गर्दी, संगीत व सोबत हवी असते, जी सहा खोल्यांच्या घरात तुम्ही देऊ शकणार नाही. चार खोल्यांत छोटी शेगडी, नीट टेबल-खुर्ची, वीज गेली तरी चालणारे इंटरनेट आणि महिन्याचा वेगळा दर ठेवा. तळमजल्यावरच्या उरलेल्या दोन खोल्यांत न घसरणाऱ्या फरशा, न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी, उंबरठ्याच्या जागी उतार आणि पायऱ्यांवर रात्रभर राहणारा दिवा एवढे करा. याला खर्च फार येत नाही, आणि ज्या फरशीवर सत्तरीचा माणूस घसरत नाही तिच्यावर तीन वर्षांचे मूलही घसरत नाही.

त्याआधी एक काम करा. गेल्या तीन हंगामांच्या तुमच्या नोंदी काढा. जन्मसाल, देश, महिना आणि किती रात्री राहिले, एवढे चारच रकाने वेगळ्या वहीत उतरवा, नावे आणि पारपत्र क्रमांक त्यात घेऊ नका. मग वयाची सरासरी माणसांप्रमाणे न काढता रात्रींप्रमाणे काढा. दहा तरुण प्रत्येकी चार रात्री राहिले तर चाळीस रात्री होतात. एकच निवृत्त गृहस्थ जानेवारी-फेब्रुवारीत साठ रात्री राहिला तर तो एकटा त्या दहांपेक्षा जास्त होतो. माणसे मोजली तर तुमचे घर तरुणांचे दिसेल, रात्री मोजल्या तर कदाचित नाही. आणि भाडे रात्रीचे मिळते. नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च यांची सरासरी स्वतंत्र काढा, कारण या तीन महिन्यांतले पाहुणे एकमेकांसारखे नसतात. आकडे हाती आले की तळमजल्याच्या खोल्या दोन ठेवायच्या की तीन, ते ठरवता येईल.